ताईच्या मशीनमधला आवाज

हॉस्पिटलच्या संगणक विभागात त्याला सगळे पेंग्विन म्हणत. लिनक्स या फुकट, सगळ्यांना खुल्या असलेल्या संगणक-प्रणालीचं ते चिन्ह त्याच्या चहाच्या कपावर होतं, टेबलाच्या खणावर चिकटवलेलं होतं, आणि चालही थोडी तशीच होती, पाय फाकवून, डुलत. तरुणपणी त्याला या नावाचा अभिमान वाटायचा. पन्नाशी उलटल्यावर मात्र हाक आली की तो नुसती मान वर करायचा.

एके काळी त्याने लोकांना अगदी भंडावून सोडलं होतं. जेवणाच्या सुट्टीत कुणी नवा फोन दाखवला की याचं सुरू व्हायचं. वस्तू तू विकत घेतलीस, पण तिच्या आत काय चाललंय ते तुला बघता येत नाही, मोडलं तर उघडता येत नाही, आणि बनवणाऱ्याच्या मनात आलं तर उद्या ती तुझ्या हातातच मुकी होईल, मग ती तुझी कशी? लिनक्सचं तसं नाही, तिथे सगळं उघडं. ज्याला कळतं त्याने वाचावं, दुरुस्त करावं, शेजाऱ्याला द्यावं, कुणाला विचारायला जायचं नाही. लोक माना डोलवत आणि डबे उचलून पुढच्या टेबलावर जाऊन बसत.

त्याच्या या वेडामागे एक कारण होतं, आणि ते कारण तिसऱ्या मजल्यावर बसायचं. त्याची थोरली बहीण. तिची नजर तिशीतच गेली होती. डॉक्टर तपासण्यांचे अहवाल बोलून रेकॉर्ड करत, ताई कानाला हेडफोन लावून ते ऐके आणि टाइप करी. टाइप केलेलं तपासायला तिला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज लागे. बाजारातले आवाज गोड असत, पण भरभर बोलायला लावले की त्यांचा लगदा व्हायचा. आणि ताईला भरभरच ऐकायचं असे. कामाचा ढीग तिच्यासाठी थांबत नव्हता.

म्हणून त्याने स्वतःच एक आवाज लिहिला. नाकातून येणारा, खरखरीत, डब्यात बसून बोलल्यासारखा. ताईने पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती पोट धरून हसली आणि त्याचं नाव ठेवलं बेडूक. पण हा बेडूक कितीही वेगात बोलला तरी त्याचं अक्षर न् अक्षर सुटं यायचं. बाकीच्यांना ती पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी खरखर वाटे. ताईला त्यातला स्वल्पविरामही कळे.

त्याने तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुठकुठची अंध माणसं तो वापरू लागली. मग त्यांच्या तक्रारी यायला लागल्या. हे चालत नाही, ते अडतं, नव्या मशीनवर तोंडच उघडत नाही, कधी करताय? वर्षानुवर्षं ऑफिसातून घरी आला की तो बेडकापुढे बसे. आभार क्वचितच येत. बायको म्हणे, "फुकटचं काम करतोस आणि वर बोलणीही खातोस." यावर त्याच्याकडे एक मोठं भाषण होतं, पण अलीकडे तेही द्यायचं जिवावर येई.

मग हॉस्पिटलने ठरवलं की सगळ्या मशीन्सवर एकाच कंपनीची प्रणाली आणायची. बैठक झाली. कंपनीच्या प्रतिनिधी बाई फार हसतमुख होत्या. पेंग्विन उभा राहिला तसे दोघे-तिघे घड्याळाकडे बघू लागले.

"उद्या तुम्ही काही बदललंत आणि ते आम्हाला नको असलं, तर?" त्याने विचारलं.

"आम्ही बदल सुधारणेसाठीच करतो, सर."

"सुधारणा कुणाच्या मते?"

बाई हसल्या. उत्तर विभागप्रमुखांनी दिलं, आणि तेही चिडून नव्हे. ते म्हणाले, "हे बघ, तुझं सगळं बरोबर असेल. पण तू रजेवर गेलास आणि काही बंद पडलं, की मी कुणाला फोन करायचा? तुझं सगळं उघडं आहे, मान्य. पण ते वाचता तुला एकट्यालाच येतं."

तो खाली बसला. या प्रश्नाचं उत्तर त्याने फार पूर्वी शोधायला हवं होतं, हे त्याला त्याच क्षणी कळलं.

निदान ताई तरी नाही म्हणेल असं त्याला वाटत होतं. तिने म्हटलं असतं तर तिच्यासाठी अपवाद करावाच लागला असता. संध्याकाळी तो तिच्या घरी गेला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मी त्यांचा आवाज ऐकून आले," ती म्हणाली. "चांगला आहे. त्यात एक साधा, भरभर बोलणाराही आहे."

"तो बंदिस्त आहे, ताई. त्यात काय आहे ते कुणालाही कळत नाही."

"माझ्या कानांना तर तो मोकळा वाटला."

"आज वाटला. उद्या त्यांनी काढून घेतला तर?"

ताईने हातातली उशीची खोळ बाजूला ठेवली. "खरं सांगू? तुझा बेडूक अडला की मी तुला फोन करते. तू जेवत असतोस. तुझी बायको तुझ्याकडे फोन देते तेव्हा तिचा सुस्कारा मला ऐकू येतो. मला डोळे नसल्याचं ओझं वाटेनासं झालंय रे. तुझं गिऱ्हाईक असल्याचं वाटतं. आयुष्यात एकदा तरी मला अशा माणसाकडे तक्रार करायचीय, जो माझा भाऊ नाही."

त्याने उरलेल्या घड्या घालायला मदत केली आणि घरी आला. बेडकाच्या इंटरनेटवरच्या पानावर त्याने लिहिलं, यापुढे देखभाल माझ्याकडून होणार नाही, ज्याला हवं त्याने हे पुढे न्यावं, मला विचारायची गरज नाही. त्यानंतर त्याने ते पान उघडलं नाही. हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

नवी प्रणाली आली. मशीन्सवर ती बसवायचं काम अर्थातच त्याच्याच गळ्यात पडलं. ती नीट चालली, हे त्याला कबूल करावं लागलं. ताई खूश होती. आता तिचा फोन येई तो गुडघेदुखीबद्दल, भाचीच्या नोकरीबद्दल. बहीण-भाऊ कितीतरी वर्षांनी नुसत्याच गप्पा मारत होते, आणि त्यात कंपनीचा हात होता, ही गोष्ट त्याला गिळता येत नव्हती आणि टाकताही येत नव्हती.

अशी दोनेक वर्षं गेली.

एके दिवशी टंकलेखन विभागातला एक कीबोर्ड बदलायला तो वर गेला. ताई कोपऱ्यात बसली होती, हेडफोन हातात, समोर पडदा तसाच उघडा. विभागातल्या बाकीच्या बायका नको इतक्या शांत होत्या.

"काय झालं?" त्याने खुर्ची ओढत विचारलं.

"काही नाही."

"ताई."

मग तिने सांगितलं. काही आठवड्यांपूर्वी कंपनीने सुधारणा पाठवली होती. सकाळी मशीन सुरू केलं तर भरभर बोलणारा साधा आवाज गायब, आणि त्याच्या जागी एक नवी बाई. हुबेहूब माणसासारखी. वाक्य संपलं की श्वास घेणारी. हळू ऐकली तर कान तृप्त व्हावेत अशी, आणि वेग वाढवला की शब्द एकमेकांत विरघळणारी. ताईने हौसेने कंपनीकडे तक्रार केली. तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, असं उत्तर आलं. पुन्हा केली. जुना आवाज निवृत्त करण्यात आला आहे, असं कळवलं.

"माझ्याआधी त्याचा नंबर लागला," ती म्हणाली, पण तिला हसू आलं नाही.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"कुठल्या तोंडाने सांगू? मीच नको म्हटलं होतं ना." मग ती सावकाश म्हणाली, "आज एक अहवाल परत आला. डॉक्टर बोलले होते, गाठ आढळली नाही. माझ्या हातून 'नाही' राहिलं. मी तपासलं होतं रे. त्या बाईच्या बोलण्यात मला ते राहिल्याचं कळलंच नाही. डॉक्टरांनी सही करताना पाहिलं म्हणून, नाहीतर तो कागद त्या पेशंटच्या हातात गेला असता."

तिचे हात मांडीवर होते, एकात एक घट्ट अडकवलेले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तिच्या कामात असं कधी घडलं नव्हतं.

'मी सांगत होतो' हे वाक्य त्याने किती वर्षं धार लावून ठेवलं होतं. आता ते हाताशी होतं, प्रसंगही समोर होता, आणि ते उच्चारायची त्याला इच्छाच होईना. कुणाला सांगायचं होतं ते? हिला? त्याने जुना कीबोर्ड काढला, नवा लावला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून खाली आला.

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याने बेडकाचं पान उघडलं. गंज चढलेलं काहीतरी बघायला मिळेल, सगळं पुन्हा पहिल्यापासून जुळवावं लागेल, या विचाराने आधीच थकवा आला होता. पण तिथे वर्दळ होती. कुणीतरी बेडूक दत्तक घेतला होता. लांबच्या कुठल्याशा शाळेतली एक शिक्षिका, अंध मुलांना शिकवणारी. तिने तो नव्या मशीनवर चालता केला होता, अडणाऱ्या जागा मोकळ्या केल्या होत्या, नाकातला सूर कमी केला होता. आणखी पाच-सहा माणसं तिच्या हाताखाली राबत होती. त्याने लिहिलेल्या कितीतरी ओळी पुसल्या गेल्या होत्या. मधे मधे त्याने स्वतःशीच केलेले विनोद होते, तेही गेले होते. विकलेल्या घरावरून जावं आणि गॅलरीत दुसऱ्यांचे कपडे वाळत असावेत, तसं त्याला झालं.

एक निरोपही पडून होता. शिक्षिकेने विचारलं होतं, 'र' एवढा जाड येतो, ते तुम्ही मुद्दाम केलं होतं की चुकून? आम्ही तो बारीक केलाय.

सोमवारी तो विभागप्रमुखांसमोर उभा राहिला. डॉक्टरांची तक्रार त्यांच्यापर्यंत पोचलीच होती.

"करार झालाय," ते म्हणाले. "नेटवर्कवर बाहेरचं काहीही चालणार नाही. माझ्या हातात काही नाही."

"नेटवर्कला न जोडलेलं मशीन असेल तर?"

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही निवृत्तीला आले होते, आणि कंपनीच्या बायांशी बोलून बोलून त्यांचाही घसा बसला होता. "नेटवर्कवर नसलेलं मशीन मला माझ्या पडद्यावर दिसतच नाही. जे दिसत नाही त्याला मी मनाई कशी करू? पण रेकॉर्डिंग वर न्यायचं आणि अहवाल खाली आणायचा तो तूच. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं नाही. आणि यावर मला तुझं भाषण नको."

"नाही देत," तो म्हणाला. खरंच त्याच्याकडे उरलं नव्हतं.

अडगळीतलं एक जुनं मशीन पुसून त्याने ताईच्या कोपऱ्यात मांडलं आणि तिच्या कानाला हेडफोन लावले. ती ऐकत राहिली.

"हा बेडूक नाही," ती म्हणाली.

"नाही. म्हणजे तोच, पण दुसऱ्या घरी वाढलेला."

"कुणी केलं हे?"

"एक शिक्षिका आहे. माझी ओळख नाही."

"तुला विचारलं तिने?"

"विचारायची गरज नाही, हेच तर मी जन्मभर ओरडून सांगत होतो."

"मग तोंड एवढंसं का झालंय?"

"तोंडाचं तुला काय कळतं?"

"तुझं सगळं आवाजात येतं," ताई म्हणाली आणि वेग वाढवत नेला. खरखर सुरू झाली. तिची मान एका बाजूला कलली, ओठ हलू लागले. एक जुना अहवाल तिने शेवटपर्यंत ऐकला आणि मग म्हणाली, "चांगला आहे. तुझ्या बेडकापेक्षा स्वच्छ बोलतो. फक्त 'र' पुसट येतो. तो आधीसारखा जाड कर."

"मी आता काही करत नाही. तिला सांगावं लागेल."

"मग सांग तिला. मी सांगते हवं तर. ती काही माझा भाऊ नाही."

ताईने खरंच तिला लिहिलं. दोन दिवसांत उत्तर आलं. ज्यांना हवा त्यांच्यासाठी जाड 'र' वेगळा ठेवला होता. खाली त्याच्यासाठी एक ओळ होती, तुमचा प्रकल्प परत घ्यायचा असेल तर मी बाजूला होते. मग त्याने लिहिलं, नको, तुमच्याकडेच असू द्या, माझ्याहून चांगल्या हातात आहे. 'र' मुद्दाम होता, बहिणीसाठी.

वर्षअखेरीला हॉस्पिटलने कंपनीचा करार वाढवला. त्या बैठकीत पेंग्विन मागच्या रांगेत बसला आणि काही बोलला नाही. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्याने नवं घड्याळ दाखवलं, नाडी मोजणारं. सगळे सवयीने त्याच्याकडे बघू लागले. "छान आहे," तो म्हणाला, आणि घास घेतला. समोरच्याला चुकचुकल्यासारखं झालं. "बरं नाही का?" त्याने विचारलं.

रोज सकाळी तो रेकॉर्डिंगचा पेन ड्राइव्ह खिशात टाकून वर जातो आणि दुपारी अहवाल घेऊन खाली येतो. यातलं काही फार काळ चालणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. ताई लवकरच निवृत्त होईल. तो कोपरा झाडून घेतील. तिच्या जागी कोणी येईल की डॉक्टरांचं बोलणं कंपनीचं मशीनच ऐकून टाइप करेल, यावरही त्याचं एक मत आहे, पण ते त्याने अजून कुणाला ऐकवलेलं नाही.

परवा वर पोचायला त्याला वेळ लागला.

"आज उशीर," ताई म्हणाली.

"लिफ्ट बंद आहे."

"मग बस जरा. दम खा."

तिने हात पुढे केला, त्याने त्यावर पेन ड्राइव्ह ठेवला, आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसून घेतलं.