राखेवर ठेवलेली नाव

राख चाळून पसरली की तिच्यावर पडलेला थेंब लगेच दिसतो.

पत्र्याची पेटी कुणी पाण्यात टाकत नाही. त्यामुळे पेट्या करणाऱ्याच्या हाताला पाण्याची भीती नसते.

शहेबाज पाण्यात मेला नाही. बायपासवर उभ्या टेम्पोखाली वाकून तो टायर बघत होता आणि मागून वाळूचा डंपर आला. रस्ता कोरडा होता.

कापूस घरात होता. गादी उसवून काढलेला, पिशवीभर.

गेवराईहून उमापूरला जाणाऱ्या बसमध्ये दुपारी जागा मिळते.

सहा वर्षांच्या मुलीला खिळा सरळ धरता येतो, घर पत्र्याचं काम करणाऱ्यांचं असेल तर.

*

नाव शहेबाजनं भंगारातून आणली होती. अॅल्युमिनियमची, कधीकाळी पुराच्या कामावर असलेली, कडेला अर्धा पुसलेला नंबर, तळाचे पत्रे जोडणारे रिबीट जागोजागी सुटलेले. ती नीट करायची, गोदावरीच्या बंधाऱ्यात सोडायची, मासे धरायचे, असं त्याचं चाललं होतं. नाव अंगणात पालथी घातली आणि त्याच आठवड्यात तो गेला.

विधवेनं घरात काढायची चार महिने दहा दिवसांची इद्दत संपली त्या दिवशी त्याची बायको अस्मा सासूसमोर जाऊन बसली.

"अम्मा, मी उमापूरला जाते. माहेरी. जिनतला घेऊन."

रहेमतबी तांदूळ निवडत होती. मांडीवर जिनत झोपलेली. "जा की. तुला कुनी बांधलंय? पोरगी न्हाई मिळायची."

"पोटची हाय माझ्या."

"रगत माझ्या लेकाचं हाय."

शेजारची छबुबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "रहेमतबी, लेकराला आईपासून तोडू नये गं."

"मी कुठं तोडतेय?" रहेमतबीनं एक खडा काढून बाजूला ठेवला. "माझ्या लेकाची नाव अर्धवट पडलीय. दुल्हननं ती नीट करून द्यावी. ज्या शुक्रवारी एक थेंब गळायचा न्हाई, त्या शुक्रवारी पोरीला घेऊन जावं." आणि झोपलेल्या जिनतच्या डोक्यावर हात ठेवून तिनं शपथ घेतली. रहेमतबी शपथ मोडत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

*

रिबीट एकट्यानं बसत नाही. बाहेरून एकानं हातोडा मारायचा. आतून दुसऱ्यानं त्याच जागी लोखंडाचा ठोकळा दाबून धरायचा. ठोकळा हलला की रिबीट वाकडा.

हातोडा चाँदचा. चाँद म्हणजे शहेबाजचा थोरला भाऊ, पेट्या आणि कूलर करणारा. ठोकळा अस्माचा. पालथ्या नावेखाली सरपटत जायचं, उकिडवं बसायचं, डावा गाल पत्र्याला लावायचा, कारण दुसरी जागाच नव्हती. जेठानं भावजयीकडं बघू नये, भावजयीनं जेठाशी बोलू नये. "उलटी नाव म्हंजे चांगला पडदा हाय," रहेमतबी म्हणायची. पत्र्यावर एक टकटक म्हणजे पुढं सरक. दोन म्हणजे धर.

आत ऊन साठायचं. आवाजही साठायचा.

पहिले काही दिवस अस्माचे दोन्ही कान वाजत राहिले. मग डावा वाजायचा थांबला. ती खूश झाली. दुसऱ्या दिवशी डाव्या बाजूला पाटावर लाटणं पडलेलं दिसलं, ऐकू आलं नाही, तेव्हा तिला कळलं, डावा कान गेलाय. उजव्यातही सगळं गोधडीखालून आल्यासारखं येत होतं.

चाँद काम सुरू करण्याआधी पिशवीतून कापूस काढायचा, चिमूटचिमूट वळायचा आणि आपल्या कानात घालायचा.

*

शुक्रवार.

नाव सुलटी करून चार दगडांवर. खाली राख. टँकरचं पाणी नावेत ओतायचं आणि नमाजहून चाँद येईपर्यंत थांबायचं.

"लोकाच्या नावा पाण्यात जात्यात," छबुबाई भिंतीवरून म्हणाली. "तुमच्या नावेत पाणी जातंय. हितं आमच्या घागरी पालथ्या."

"गळून उरलं तर ने," रहेमतबी म्हणाली.

त्या पहिल्या शुक्रवारी अस्मा रिकामी भांडी परत करायला गेली होती. आली तेव्हा रहेमतबी लोटा घेऊन नावेपाशी उभी होती.

"ये, बघ. पडलंय."

राखेवर दोन खळगे होते, ओले.

पुढचा शुक्रवार. थेंब दुसरीकडं. चाँदनं भोक शोधलं, साफ केलं, रिबीट ठोकला.

पुढचा. तिसरीकडंच. जे रिबीट घट्ट होते त्यांच्या शेजारी.

"तुझ्या नावेला देवी आल्यात गं," छबुबाई म्हणाली. हसली नाही.

चाँद प्रत्येक भोकावरून अंगठा फिरवायचा. भोक गोल असायचं. दोन टकटक. धर.

*

त्या दुपारी अस्मा हापशावरून लवकर परतली. रहेमतबी आत झोपली होती. छबुबाई आपल्या दारात तूर पाखडत होती. तिनं अंगणाकडं पाहिलं, मग अस्माकडं, मग परत सुपाकडं. गल्लीतली आणखी एक बाई असंच करून आत गेली.

नाव सुलटी होती. जिनत नावेत बसली होती. डाव्या हातात खिळा, उजव्यात चाँदचा लहान हातोडा. जीभ ओठांच्या कोपऱ्यात. हातोडा वर गेला, खाली आला. परत वर गेला, खाली आला.

आवाज आला नाही.

सगळ्या गल्लीला येत होता. कितीतरी दुपारी येत असणार.

अस्मानं घागर ठेवली. "काय करतीस?"

जिनतनं खिळा लपवला नाही. तिचे ओठ हलले. अस्मानं उजवा कान तिच्या तोंडाशी नेला.

"गळाया पायजे," जिनत म्हणाली. "न्हाई गळली तर तू जानार. दादी म्हनली."

"मी एकटी?"

"हां."

"एकटी न्हाई. तू बी येनार माझ्यासंगं. तुला न्यायचं म्हनून तर मी आत बसते."

जिनतनं खिळा खाली ठेवला. "दादी?"

"दादी हितंच."

"नाव?"

"नाव बी हितंच."

जिनतनं आईच्या तोंडाकडं एकदा पाहिलं. मग खिळा उचलला, मघाच्या भोकाशेजारी उभा केला आणि मारला.

*

चाँद जेवायला आला तेव्हा अस्मा पहिल्यांदा त्याच्यासमोर उभी राहिली. पडदा नव्हता.

"चाँदभाई, तुमाला ठावं होतं."

चाँदनं तिच्या हातातला खिळा पाहिला. "खिळ्याचं भोक वळखाया येत न्हाई व्हय मला."

"मंग बोलला कावून न्हाई?"

तो हात धुवत राहिला. "नाव झाली की तू जानार. पोरगी जानार. मंग अम्मीपाशी हितं कोन राहनार? मी."

अस्मानं त्याच्यापुढं टॉवेल धरला नाही, त्याच्या पिशवीतला मोठा हातोडा घेतला. "नाव पालथी घाला."

त्यानं घातली. तिनं जिनतला दंडाला धरून आणलं, ठोकळा तिच्या दोन्ही हातांत दिला.

"भोकं तू पाडली. तूच धर."

"अस्मा, लहान हाय ती," चाँद म्हणाला. भावजयीचं नाव त्यानं आजवर घेतलं नव्हतं. पिशवीतला कापूस काढून त्यानं तो तळहातावर पुढं केला.

अस्मानं कापसाकडं पाहिलं. इतक्या दिवसांत तो तिला कुणी दिला नव्हता. तिनं जिनतला नावेखाली ढकललं आणि पत्र्यावर टकटक केलं. दोनदा.

पोरीला खेळ माहीत होता. तिनं धरलं.

पहिल्या घावानंतर ती ओरडली असेल. छबुबाईनं दार लावून घेतलं. चाँद अंगणातून निघून गेला. अस्माला काही ऐकू आलं नाही, आणि उजवा कान तिनं नावेकडं केला नाही. ठोकळा कुठंकुठं हलला. तिथला रिबीट तिनं काढला आणि परत ठोकला.

*

शुक्रवार.

पाणी भरलं. अस्मा राखेपाशी जमिनीवर बसली आणि उठली नाही. रहेमतबीनं तिला पीठ चाळायला बोलावलं, उठली नाही. पाणी प्यायला दिलं, तिनं बसूनच घेतलं. रहेमतबी लोटा घेऊन नावेभोवती फिरली, वाकली, परत फिरली. चाँद नमाजहून आला. राख कोरडी होती.

रहेमतबीनं लोटा खाली ठेवला.

"ने," ती म्हणाली.

आणि मग, "पर तिला इचार, येती का."

अस्मानं विचारलं नाही. जिनतनं नावेची कड धरली होती. अस्मानं तिचं एकेक बोट सोडवलं. शेवटच्या बोटाला जिनत तिच्या मनगटाला चावली. अस्मानं चावू दिलं आणि त्याच हातानं तिला उचललं.

उमापूरच्या बसमध्ये दोन्ही बाजूंना जागा होती. कंडक्टरनं जिनतकडं बघून काहीतरी विचारलं. तिचं तोंड उघडं होतं, मोठं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. पुढच्या सीटवरचे लोक वळून बघत होते.

अस्मानं तिला उचलून आपल्या डाव्या बाजूला बसवलं.

त्या पहिल्या शुक्रवारी, अस्मा भांडी परत करायला गेली तेव्हा, राख कोरडी होती. रहेमतबीनं लोट्यात बोटं बुडवून तिच्यावर दोन थेंब सोडले.