उंबऱ्याखालचं सोनं

शिवणवाल्या ताईंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध काचेचं भांडं, त्यातल्या पाण्यावर बुचाच्या चकतीत खोचलेली सुई, आणि भांड्याला गुडघा लावून मांडी घातलेले महाराज. ते डोळे मिटून काहीबाही पुटपुटले की सुई थरथरे, गर्रकन फिरे आणि उंबऱ्याकडे टोक करून थांबे. गर्दीचा श्वास अडके.

"सोनं," महाराज म्हणाले. "सात हात खाली. सूर्य मावळायच्या आत काढलं नाहीत, तर सरकेल. सोन्याला पाय असतात, बाळांनो."

सोन्याला असोत नसोत, ताईंच्या घराला पाय नव्हते. घर उतारावरचं, पुढची भिंत त्याच उंबऱ्याच्या दगडांवर तोललेली. तिथे खणलं की भिंत आत कोसळणार, आणि आत अंथरुणाला खिळलेली सासू. ताईंनी परोपरीने सांगून पाहिलं, कुणी कानावर घेईना. कुदळ घेऊन सगळ्यांत पुढे त्यांचा सख्खा दीरच.

"वहिनी, उठा. डोंगरावर सर्व्हेवाले यंत्र घेऊन जमिनीखालचं शोधतात ते खरं, आणि हे तेवढं खोटं?"

ताई उंबऱ्यातच बसून राहिल्या. एक शेजारीण धावत जाऊन सर्व्हेच्या बाईंना घेऊन आली. त्या वाद घालत बसल्या नाहीत. मीही मोजून बघते, म्हणाल्या. फक्त आमच्या कामाची एक रीत आहे. जवळ लोखंड असलं की यंत्र चुकतं, तेव्हा कुदळी, पहारी, किल्ल्या, सगळं रस्त्यापलीकडे ठेवा. सोन्यावर शिक्कामोर्तब होणार म्हणून लोकांनी हौसेने ठेवलं. अंगणात एकही कुदळ उरली नाही, तेव्हा कुठे ताईंनी श्वास सोडला.

बाईंनी जमिनीची चुंबकी ओढ मोजणारं ते यंत्र उंबऱ्यापाशी धरलं आणि आकडा दिरालाच वाचायला लावला. चव्वेचाळीस हजार तीनशे.

"महाराज, आता तुम्हीही जरा फाटकाबाहेर जा."

"आसन सोडलं तर कोप होईल."

सूर्य डोंगराला टेकला होता. दीर उतावीळ झाला. "जा ना महाराज, दोन मिनिटांचं तर काम."

महाराज नाइलाजाने उठले. आकडा घसरून बेचाळीस हजार सहाशेवर आला. भांड्यातली सुईही वळली आणि उत्तरेकडे तोंड करून गप्प उभी राहिली. महाराजांना परत बसवलं, आकडा चढला. पुन्हा बाहेर, पुन्हा उतरला. दिराने सरळ जाऊन महाराजांचा झगा गुडघ्याच्या वर सारला. गुडघ्याला पट्ट्याने आवळलेला तळहाताएवढा लोहचुंबक होता.

बाईंनी तो बोटातल्या सोन्याच्या अंगठीला लावला. अंगठी ढिम्म. मग त्या शांतपणे समजावू लागल्या. खाणवाले शेकडो वर्षांपूर्वी अशीच सुई घेऊन लोखंडाचा दगड हुडकत. आज आपण तीच ओढ विमानातूनही मोजतो. पण सुई लोखंडाकडे ओढली जाते, सोन्याकडे नाही.

"म्हणजे खाली काहीच नाही?" दिराने खाली मान घालून विचारलं.

"आहे की," ताई म्हणाल्या. "आपल्या घराचा पाया."

बाई गर्दीकडे वळल्या. "आम्ही एकाच जागी पुन्हा पुन्हा मोजतो, ते उगाच नाही. तुम्हीही तेवढंच करा. चमत्कार दाखवणाऱ्याला एकदा बाजूला उठवून बघा. जमिनीत जे खरोखर आहे, ते तो गेल्यावरही तिथेच असतं."