हिश्श्यात न बसलेला दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. किती जुना, ते मला सांगता येणार नाही, कारण दरवाजाला त्याचं वय कोणी विचारत नाही. माझ्या अंगावर रंगाचे बरेच थर आहेत. सगळ्यात खालचा हिरवा आहे आणि तो पाहिलेली फार थोडी माणसं आता उरली आहेत.

मित्रांनो, मला एका सुताराने बनवलं. तो आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांना दारं-खिडक्या करून देत होता आणि स्वतःच्या घराला मात्र पत्र्याचं दार होतं. एकदा एका मोडलेल्या गोदामाचं लाकूड त्याच्या हाती लागलं. कामावरून आल्यावर, जेवणाआधी, तो मला थोडं थोडं रंधा मारून घडवी. मी जड झालो. हवा दमट झाली की मी फुगतो, आणि मग मला किंचित उचलून ढकलावं लागतं. घरच्यांना ती सवय झाली होती. पाहुणे मात्र खांद्याने धडका देत बसत.

सुताराची मुलगी तेव्हा लहान होती. बाहेरची कडी वाजवायला तिचा हात पुरत नसे, मग ती पायरीवर उभी राहून गल्ली डोक्यावर घेई. म्हणून सुताराने खाली, तिच्या खांद्याच्या उंचीवर, दुसरी छोटी कडी बसवली. पुढे तिला भाऊ झाला. तोपर्यंत ती वरच्या कडीपर्यंत पोचली होती. भाऊ शांत होता. तो दार वाजवतच नसे, कोणीतरी उघडेपर्यंत नुसता उभा राही.

मुलगी मोठी झाली, शिवणकाम शिकली. गावोगाव फिरणारी एक नाटक कंपनी आली, तिला कपडे शिवणारं माणूस हवं होतं. मुलगी गेली. जायच्या आधी घरात आरडाओरडा झाला नाही. सुतार तिच्याशी एक शब्दही बोलला नाही. ती गेली त्या दुपारी त्याने मला बिजागऱ्यांवरून उतरवलं आणि माझी खालची कड रंध्याने तासायला घेतली. तशी काही गरज नव्हती. तेव्हापासून माझ्याखालून वारा येतो.

तिची पत्रं यायची. सुतार ती न उघडताच ठेवून द्यायचा. पुढे पत्रं यायची थांबली. घरात तिचं नाव काढायचं नाही हे मुलगा न सांगता शिकला. तो घड्याळं दुरुस्त करू लागला. आधी आई गेली, मग सुतार गेला. मुलाला दुकानावरच्या खोलीत राहणं सोयीचं वाटलं आणि त्याने घर विकायला काढलं.

घर घेतलं ते एका बस ड्रायव्हरने आणि त्याच्या बायकोने. ती इस्पितळात नर्स होती. दोघांनी पै-पैसा जोडून हा व्यवहार केला होता. घड्याळजीने प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं होतं की आईवडिलांना तो एकुलता एक, आणि तोच एकटा वारस आहे. कागद तपासणाऱ्या वकिलाने ते वाचलं, मान डोलावली आणि जाता जाता सुचवलं, "मालकीहक्काचा विमा घेऊन ठेवा."

ड्रायव्हर हसला. "आगीचा विमा कळतो, चोरीचा कळतो. मालकीचा कसला विमा? माणूस एक तर मालक असतो, नाही तर नसतो."

"तुम्ही मालक नव्हताच असं उद्या कोणी सांगत आलं, तर त्यासाठी," वकील म्हणाला. "हप्ता एकदाच भरायचा. जुन्या व्यवहारात एखादी चूक दबलेली असेल, तर ती निस्तरायची जबाबदारी कंपनीची."

ड्रायव्हरने मान उडवली. पण नर्स म्हणाली, "अहो, घेऊन टाकू. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण म्हणतो की मला काही झालेलं नाही."

विमा घेतला गेला आणि विसरला गेला. माझे बरे दिवस आले. ड्रायव्हरने मला निळा रंग दिला आणि बसच्या आगारातून आणलेलं ग्रीस माझ्या बिजागऱ्यांना लावलं. आल्यागेल्याला तो माझ्यावर थाप मारून सांगे, "असलं लाकूड आता मिळत नाही." खालच्या छोट्या कडीचं काय काम, ते मात्र दोघांना कळलं नाही. आधीच्या मालकाने तिला कुत्रा बांधला असावा असं त्यांनी ठरवून टाकलं.

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी ती खालची कडी वाजली. नर्सने दार उघडलं. बाहेर पिकल्या केसांची एक बाई वाकून उभी होती. तिच्या गळ्यात शिंप्याची टेप तशीच राहून गेली होती.

"कोण पाहिजे?"

"इथं एक सुतार राहायचे."

"ते वारले. त्यांच्या मुलाने घर आम्हाला विकलं."

बाई सरळ उभी राहिली. "मुलाने. आणि मुलीने?"

"त्यांना मुलगी नव्हती. तसं लिहूनच दिलंय त्याने."

"मग ही खालची कडी कोणासाठी ठोकली होती?" बाईने विचारलं.

नर्सने तिला आत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मला बंद करताना ती क्षणभर माझ्यावरच टेकली होती.

पुढे रीतसर नोटीस आली. सुताराच्या मुलीचा अर्ध्या घरावर हक्क आहे, असं तिच्यात म्हटलं होतं. ड्रायव्हरचं डोकं फिरलं. तो अंगणातून घरात आणि घरातून अंगणात येरझारा घालू लागला आणि दर खेपेला मला आपटू लागला. "अर्धं म्हणजे कोणतं अर्धं? स्वयंपाकघर तिचं आणि मोरी माझी? इतकी वर्षं कुठं होती ही बाई?"

"फाईल काढा," नर्स म्हणाली. "विम्याची."

विमा कंपनीने आपली वकीलबाई पाठवली. ती तरुण होती, बोलायला सरळ होती. आधी तिने पुष्कळ कागद मागवले, मग पुष्कळ दिवस काहीच कळवलं नाही. त्या दिवसांत घरातलं सगळं अडलं. गच्चीवर खोली बांधायची होती, ती राहिली. माझ्या रंगाचे पोपडे निघू लागले. ड्रायव्हर म्हणे, "दुसऱ्याच्या दाराला मी कशाला रंग देऊ?" रात्रपाळीहून आल्यावर नर्स किल्ली हातात धरून बाहेरच उभी राही, जणू आत यायला परवानगी लागते.

शेवटी वकीलबाई येऊन बसली. "त्यांचं म्हणणं खरं आहे," ती म्हणाली. "त्या मुलगी आहेत. भावाने खोटं लिहून दिलं. तुम्ही फसवलं नाहीत, तुम्ही फसलात. पण त्याही फसल्या. कोर्टात गेलो तर आपण बहुतेक हरू."

"मग विमा घेतला कशाला?" ड्रायव्हर उसळला.

"हरलं तरी घर जाऊ नये म्हणून. त्यांच्या हिश्श्याची किंमत कंपनी देईल. त्या हक्कसोडपत्रावर सही करतील. मग या घरावर दुसऱ्या कोणाचा हक्क राहणार नाही. भावाकडून वसूल करायचं ते कंपनी बघेल."

ड्रायव्हर येऊन उंबऱ्यावर बसला. नर्सने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

पण सुताराची मुलगी सही करेना. रक्कम मान्य होती, तरी करेना. तिची एकच अट होती, आधी भावाला बोलवा.

घड्याळजी आला. तो नेहमीप्रमाणे न वाजवता बाहेर उभा राहिला. या खेपेला त्याच्या बहिणीनेच मला उघडलं. तिने मला जरा उचलून ओढलं, विचार न करता, आणि मी आवाज न करता उघडलो. दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभी राहिली.

"ताई," तो म्हणाला. "तू पत्र पाठवेनाशी झालीस. आम्हाला वाटलं, तू गेलीस."

"वाटलं ते वाटलं. पण तू काय लिहून दिलंस? बहीण वारली असं लिहिलं असतंस तरी मी समजले असते. तू लिहिलंस, बहीण नव्हतीच."

"बाबांच्या समोर तसंच म्हणत आलो ना," तो पुटपुटला. "सवयच झाली."

"ती मोड. मला बहीण आहे, असं लिही."

त्याने लिहिलं. वकीलबाईने मजकूर सांगायला तोंड उघडलं, तेव्हा बहिणीने तिला हाताने थांबवलं. त्याने स्वतःच्या शब्दांत, बारीक अक्षरात लिहिलं की त्याला एक थोरली बहीण आहे, आणि तिने त्याला शाळेत पोचवलं होतं. शाळेचं कोणी विचारलं नव्हतं. बहिणीने ते वाचलं आणि मग हक्कसोडपत्रावर सही केली.

उठताना ती म्हणाली, "मला हा दरवाजा पाहिजे होता."

वकीलबाईने कागद चाळले. "हे काही ठरलेलं नाही. दरवाजा घराचा भाग आहे. हिश्श्याची किंमत दिली त्यात तो आला. कंपनी तो वेगळा देऊ शकत नाही."

"राहू दे," बाई म्हणाली. "सहज म्हटलं."

तेवढ्यात ड्रायव्हर उठला. "एक मिनिट. आता हे घर माझं आहे ना? पूर्ण?"

"पूर्ण."

"कोणी काही म्हणू शकत नाही?"

"कोणीही नाही."

"मग दरवाजाही माझाच." तो पेचकस शोधायला आत गेला. "आणि माझा दरवाजा मी कोणालाही देईन."

त्याने स्वतः माझ्या बिजागऱ्या सैल केल्या. घड्याळजीने दुसऱ्या बाजूने मला धरलं. उंबऱ्यावर उजेड पडला, इतका की नर्सने डोळ्यांवर हात घेतला. संध्याकाळपर्यंत तिथे चादर लावलेली होती. पुढे त्यांनी हलकं, नवं दार बसवलं, असं ऐकलं. गच्चीवरची खोलीही झाली म्हणे.

बाईंच्या खोलीच्या चौकटीला मी मोठा झालो. मला कापावं लागलं असतं, ते त्यांना नको होतं. त्यांनी मला दोन लाकडी घडवंच्यांवर आडवा ठेवला आणि कापड बेतायचं टेबल केलं. आता मी काही उघडत नाही आणि काही बंद करत नाही. भाऊ अजून आलेला नाही. तो येईल की नाही, मला सांगता येत नाही.

मित्रांनो, दारांची काळजी घ्या. बिजागऱ्यांना तेल द्या, फुगलेल्या दाराला लाथ मारू नका. पुढे कधी घर घ्याल, तेव्हा कागद तपासा, विमा उतरवा, ते करायलाच हवं. पण कागदाला जेवढं सांगितलेलं असतं, तेवढंच तो बोलतो. म्हणून शेजारीपाजारी एकदा विचारा, या घरात कोणकोण वाढलं.

गिऱ्हाइकं माप द्यायला येतात तेव्हा माझ्यावर हात फिरवून पाहतात. "टेबल छान जड आहे. कुठून घेतलं?"

बाई तोंडातली टाचणी काढून सांगतात, "माझ्या वडिलांनी केलंय." आणि पुरावा कोणी मागत नाही.