कोरा युनिफॉर्म

"आपली वस्तू आपल्याला खोलता यायला हवी," रेडिओ उघडून बसलेल्या सासऱ्यांचा तो आवाज स्वरूपाच्या कानात अजून होता. त्यांचा लेक, तिचा नवरा गणराज मात्र हल्ली मोबाइल उशीखाली दडपून झोपे. चाकणच्या कारखान्यात शिफ्टला जातो म्हणे, पण धुवायला आलेल्या युनिफॉर्मवर तेलाचा डाग म्हणून नसे.

आज तिने विचारलंच, "कोण आहे ती?"

"कुठली ती?"

"मग कपडे एवढे कोरे कसे? कामाला न जाता तिच्याबरोबर निगडीच्या बसस्टँडवर बसून असता का दिवसभर?"

गणराज खालीच बसला. "जाहिराती घालवायला मी मोबाइल रूट केला, त्याचं कुलूप तोडलं. आता असा मोबाइल असुरक्षित म्हणून कंपनीचं हजेरीचं ॲप त्यावर चालेना. हजेरीशिवाय गेटातून आत घेत नाहीत. आठवडा झाला, कामावर गेलोच नाही गं."