पहिली खुर्ची रिकामी नव्हती

मी खुर्ची बोलतेय. घाबरू नका, मला फार बोलायची सवय नाही. माझ्या आसपासची माणसंच इतकी ओरडायची की मी बोलले असते तरी कोणाला ऐकू गेलं नसतं.

मी साधी घडीची खुर्ची. निळी गादी आणि पाठीवर पांढरी टगबोट, मोठी जहाजं ओढणारी छोटी बोट. बफेलो टग्ज या बास्केटबॉल संघाची ती निशाणी. मिशिगनमधल्या एका कारखान्यात माझ्यासारख्या पुष्कळ जणी एकदमच तयार झाल्या. ट्रकमधून उतरवताना मी सगळ्यांच्या वर होते, म्हणून मैदानाच्या कडेला ओळ मांडताना पहिली लागले. पहिल्या खुर्चीवर मुख्य कोच बसतो. एवढंच माझं कर्तृत्व. सामना संपला की स्टॅन नावाचा पोटसुटा माणूस आम्हाला घडी करून गाड्यावर चढवायचा. अदलाबदल व्हायला नको म्हणून त्यानं माझ्या पोटाला लाल चिकटपट्टी लावली, आणि मी कायमची पहिली झाले.

माझा पहिला माणूस कोच ब्रॅनिगन. लालबुंद चेहरा, भलं थोरलं अंग. पंचानं शिट्टी मारली की हा उडी मारून उभा. परत बसला की माझे सांधे कुरकुरायचे, पण मला ते आवडायचं. आपल्यावर कोणीतरी विश्वासानं बसतंय, यापलीकडे खुर्चीला काय हवं असतं? शेजारच्या दुसऱ्या खुर्चीवर सहायक कोच लायोनेल ग्रिग्ज. उंच, सडपातळ, टोलिडो शहरातला. चार मुख्य कोच आले आणि गेले, हा दुसऱ्या खुर्चीवरून हलला नव्हता. ब्रॅनिगन पंचांच्या नावानं शंख करत असायचा आणि ग्रिग्ज त्याच्या कानाशी हळूच सांगायचा, "डावीकडचा पोरगा दमलाय, त्याच्यावर चाल करा." तो सांगायचा आणि तसंच व्हायचं. टाळ्या ब्रॅनिगनला मिळायच्या.

मग जानेवारीतल्या एका सामन्यात ब्रॅनिगन माझ्यावर बसला आणि मला काहीच जाणवलं नाही.

तो बसलेला दिसत होता. कोटाची शिवण गादीला घासत होती, कॉफीचा वास येत होता. पण गादी दबली नाही, सांधा कुरकुरला नाही. एवढा धिप्पाड माणूस आणि वजन कागदाच्या कपटाएवढंही नाही. मला वाटलं, माझ्यातच काहीतरी मोडलंय. दुसऱ्या दिवशी बातमी आली, ब्रॅनिगनला काढलं. मला पुसता पुसता स्टॅन आपल्या जोडीदाराला म्हणाला, "वरच्या ऑफिसात कधीचंच ठरलं होतं रे. फक्त त्या बिचाऱ्याला सांगायचं राहिलं होतं."

तेव्हा माझ्या लोखंडातून गार शिरशिरी गेली. माणसाचं जाणं वर ठरलं की त्याचं वजन आधी जातं, माणूस मागाहून. हे फक्त मला कळतं आणि मला ते सांगता येत नाही.

या खेळात एक रीत आहे. मधेच कोचला काढलं की दुसऱ्या खुर्चीवरचा पहिल्या खुर्चीवर सरकतो आणि नवा माणूस सापडेपर्यंत संघ सांभाळतो. मी ग्रिग्जची वाट बघत होते. तो आला आणि आपल्या नेहमीच्या दुसऱ्या खुर्चीवरच बसला. माझ्यावर त्यानं नुसता टॉवेल टाकला.

जनरल मॅनेजर हॅव्हरकॅम्प, म्हणजे कोच नेमणारा आणि काढणारा साहेब, खाली उतरून आला. "लायोनेल, अहो लोक काय म्हणतील? कोचचीच खुर्ची रिकामी?"

"लोकांना म्हणावं, खुर्ची बघू नका, गुण बघा," ग्रिग्ज म्हणाला.

खरं कारण त्यानं टेव्हिनला सांगितलं. टेव्हिन रूडो हा संघाचा चेंडू खेळवणारा गडी. कोवळ्या वयात आला तेव्हा ग्रिग्जनंच त्याला हाताशी धरलं. रविवारी ग्रिग्जची बायको डेल्फिन त्याला जेवायला बोलवायची. तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिठाच्या आणि मिऱ्याच्या बाटल्या सरकवत दोघांनी एक डाव बसवला होता. त्याचं नावच त्यांनी ठेवलं, किचन. शेवटच्या क्षणी ग्रिग्ज "किचन!" ओरडला की टेव्हिन बरोबर मोकळा सुटायचा.

"कोच, भुताला भिता काय त्या खुर्चीच्या?" टेव्हिननं एकदा चिडवलं.

"भितो," ग्रिग्ज म्हणाला. "तात्पुरता माणूस तिच्यावर बसला की त्याला सवय लागते, आणि मग उठवलं की जीव जातो. मला कायमचं नेमू दे, त्याच दिवशी बसतो. माझ्या नावानं. तोपर्यंत नाही."

आयुष्यभर एवढंच मागत आलेला माणूस. मीही त्या दिवसाची वाट बघू लागले.

संघ जिंकू लागला. तळाला पडलेले टग्ज वर चढले. लोक माझ्या रिकाम्या जागेला शुभशकुन मानू लागले, तिकिटं काढून माझे फोटो घ्यायचे. फेब्रुवारीत खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत जवळ आली. आमच्यात अशा अदलाबदलीला ट्रेड म्हणतात. त्या दिवसांत सगळे खेळाडू हसतात जास्त आणि जेवतात कमी. त्या आठवड्यात एका सामन्यात टेव्हिन दम खायला बाहेर आला आणि मुद्दाम टॉवेल बाजूला सारून माझ्यावर बसला. "कोणी बसत नाही तर मी बसतो, कोच."

गादी दबली नाही.

मी जिवाच्या आकांतानं कुरकुरायचा प्रयत्न केला, पण वजनच नव्हतं तर कुरकुरणार कशी? टेव्हिन हसत पाणी पीत होता. इतक्यात वरच्या ऑफिसातला एक माणूस वाकून ग्रिग्जच्या कानात काही बोलला. ग्रिग्जनं मान खाली घातली. "टेव्हिन, आज आता तू आत जायचं नाहीस," तो म्हणाला.

"का? मी फिट आहे की."

ग्रिग्जनं मैदानाकडे तोंड फिरवलं. ओळीतल्या बाकीच्या खेळाडूंना मात्र कळलं. धडधाकट माणसाला अचानक बसवून ठेवलं म्हणजे त्याला दुखापत होऊ नये, कारण तो आता दुसऱ्याचा माल झालाय. एकेक जण उठून टेव्हिनला मिठी मारू लागला. सामना चालूच होता. टेव्हिनला सेंट लुइसला दिलं होतं.

"मी त्यांना विरोध केला होता रे," ग्रिग्ज पुटपुटला.

"ठाऊक आहे, कोच. डेल्फिनकाकूंना सांगा, रविवारी माझं ताट मांडू नका."

प्लेऑफ सुरू झाले, म्हणजे हरला तो घरी, अशा मालिका. टग्जनी पहिली मालिका मारली. हॅव्हरकॅम्प हसतमुखानं ग्रिग्जच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "नव्या कोचचा शोध चालू आहे, पण तुमचं नाव अगदी वर आहे बरं का." डेल्फिननं नवा सूट शिवायला टाकला.

आणि दुसऱ्या मालिकेत, भर सामन्यात, माझ्यावर कोणीतरी बसलं.

टॉवेल हललाही नाही. पण गादी दबली. माझे सांधे कुरकुरले. जड, सावकाश बसणारं, एक पाय दुसऱ्यावर टाकणारं कोणीतरी. ग्रिग्जचं हे वजन नव्हतं. जाणाऱ्याचं वजन आधी जातं, तसं येणाऱ्याचं आधी येतं. वर कोणाचं तरी ठरलं होतं. ग्रिग्ज शेजारी बसून जीव तोडून झुंजत होता, आणि त्या दोघांमध्ये वीतभर अंतर होतं.

समोरचा संघ होता सेंट लुइस, त्यांच्याकडून टेव्हिन खेळत होता. सातवा, शेवटचा सामना आमच्या मैदानावर. टग्ज एका गुणानं मागे, थोडेच क्षण उरलेले, चेंडू आपल्याकडे. ग्रिग्जनं खेळ थांबवून पोरांना जवळ घेतलं. खाली वाकताना आधारासाठी त्याचा हात माझ्या गादीवर पडला, आणि त्यानं तो चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"इथं आत्ता कोण बसलं होतं?"

"कोणीच नाही, कोच," एक खेळाडू म्हणाला.

"मग गादी गरम कशी?"

उत्तर द्यायला वेळ कोणाला होता! शिट्टी वाजली. आता एक सांगते. आपला गडी दुसरीकडे गेला की संघ आपल्या सगळ्या खुणा बदलतो, नाहीतर गुपितं त्याच्याबरोबर जातात. ग्रिग्जनं सगळ्या खुणा बदलल्या होत्या. एकच बदलली नव्हती. ती बदलायला त्याचा हात उचलला नव्हता. आणि त्या धांदलीत, हरवलेल्या माणसासारखा माझ्याकडे बघत, त्याच्या तोंडून सवयीनं निघालं, "किचन!"

पलीकडे टेव्हिनचं डोकं वर झालं. चेंडू कुठं येणार हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. तो तिथं जाऊन उभा राहिला आणि चेंडू त्याच्या हातात आला. सामना संपला.

टेव्हिन ओळीपाशी आला तेव्हा रडत होता. "कोच, तुम्ही ओरडलात आणि माझे पाय आपोआप गेले."

"बरोबर गेलास. मीच तसं शिकवलं होतं," ग्रिग्ज म्हणाला. त्याचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा होता.

थोड्याच दिवसांत ग्रेडी सॉअरबेक नावाच्या कोचची नेमणूक जाहीर झाली. तो पहिल्यांदा माझ्यावर बसला, सावकाश, एक पाय दुसऱ्यावर टाकून, आणि ते वजन माझ्या जुन्या ओळखीचंच निघालं. ग्रिग्ज नोकरी सोडून गेला. जाताना तो स्टॅनला म्हणाला, "एक शब्द चुकलो आणि खुर्ची घालवली." मला ओरडावंसं वाटलं, अरे वेड्या, तू शब्द उच्चारायच्या कितीतरी आधी ती गेली होती! पण खुर्चीला तोंड असतं तर अजून काय हवं होतं.

सॉअरबेकचंही वजन एक दिवस गेलं. मग नव्या खुर्च्या आल्या आणि आम्हा जुन्यांची धर्मादाय विक्री झाली. स्टॅननं डेल्फिनला फोन करून लाल पट्टीवाली कुठली ते सांगितलं. तिनं मला ग्रिग्जच्या वाढदिवसाला घरी आणलं. "घ्या, जिच्या शेजारी जन्म काढलात ती सवत आणलीय घरात," ती म्हणाली. तो हसला, पण मला गॅरेजमध्ये ठेवून स्वतः रंगाच्या पालथ्या डब्यावर बसला. माझ्या उजव्या हाताला, दुसऱ्या जागी. तिथून तो टीव्हीवर सामने बघायचा. वर्षांमागून वर्षं गेली. टेव्हिनचे खेळायचे दिवस संपले. ग्रिग्जचे केस पांढरे झाले. शेवटचे क्षण आले की तो टीव्ही बंद करायचा. ते त्याला बघवत नसत.

गेल्या हिवाळ्यातल्या एका संध्याकाळची गोष्ट. बाहेर बर्फ साचलं होतं, गॅरेजमध्ये हीटर धुगधुगत होता. ग्रिग्जनं उठताना आधारासाठी माझ्यावर हात टेकला आणि तसाच ठेवला.

"गार," तो म्हणाला. त्यानं तळवा गादीवर फिरवला. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "त्या दिवशी गरम होती. मी ओरडायच्या आधी गरम होती."

आणि तो वळला, आणि माझ्यावर बसला. आयुष्यात पहिल्यांदा.

गादी दबली नाही.

मी हादरले. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो बसला, आणि मला काहीच जाणवू नये? तो डोळे मिटून, मान मागे टाकून बसला होता. छाती हलतेय की नाही तेही मला कळेना. डेल्फिन, बाहेर ये गं. भांडी राहू देत. त्याला हाक मार, हात लाव, पण बाहेर ये!

दार उघडलं. डेल्फिनच्या हातात फोन होता. "अहो, झोपलात काय? टेव्हिन आहे."

ग्रिग्ज हलला नाही. तिनं पुढं होऊन त्याच्या खांद्याला हात लावला, आणि त्यानं डोळे उघडले. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तो मात्र कोणाला ऐकू गेला नाही.

"कोच," फोनमधून आवाज आला, "मला लुइव्हिलच्या संघानं नेमलंय. पहिली खुर्ची मिळाली. दुसरी रिकामी आहे. माझ्या कानाशी कोण बोलणार?"

ग्रिग्जनं फोन दोन्ही हातांत धरला.

"कोच, त्या दिवशीचा तो डाव अजून माझ्या मनातून..."

"त्या डावानं मी सामना घालवला, लेका. खुर्ची नाही. ती आधीच गेली होती, मी हात लावून बघितलीय," ग्रिग्ज म्हणाला. डोळे पुसत तो उठला. "आता माझं ऐक. तिथं गेल्यावर पहिलं काम करायचं. त्या किचनचं नाव बदलायचं."

ग्रिग्ज आणि डेल्फिन दोघं लुइव्हिलला गेले. त्या संध्याकाळी ग्रिग्जचं वजन का गेलं होतं ते मला तेव्हा उमगलं. तो जाणार होता, पण जिथं त्याची गरज होती तिथं. वजन जातं ते दर वेळी वाईटासाठीच, असं मी उगाच धरून बसले होते. तो माझ्यावर बसला आणि मला त्याचा भार मिळाला नाही, ही हळहळ मात्र राहील.

आता घर विकायला काढलंय. गॅरेज मोकळं झालं, मी मागे राहिले. दारापुढचं बर्फ कोणी उपसलेलं नाही. आतापर्यंत घर बघायला कोणी फिरकलेलं नाही.

पण परवापासून माझ्यावर कोणीतरी बसतंय. हलकंसं, जरा पुढं सरकून, पाय हलवत. गादी दबते, सांधे कुरकुरतात. तू कोण आहेस मला ठाऊक नाही. कदाचित तुलाही अजून ठाऊक नसेल की तू इथं येणार आहेस. पण वर कुठंतरी ठरलंय, आणि तुझी जागा गरम आहे.

ये. आलास की पूर्ण भार टाकून बस, अर्धवट बसू नकोस, मला सवय आहे. आणि एखाद्या संध्याकाळी मी अजिबात कुरकुरले नाही, तर मान मागे टाकून डोळे मिटू नकोस. फोन जवळ ठेव.