लख्ख धुतलेली बाटली

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे ‘लख्ख’ म्हणत. भांडं रिकामं झालं रे झालं, की ही विसळायला हजर. तिने बनवलेल्या पदार्थापासून मी फोनच्या पडद्यांसाठीचे नखाएवढे दिवे तयार करायचो आणि ते किती टिकतात ते बघायचो. एक दिवस मलाही विसळून पालथं घालशील, असं मी तिला चिडवायचो.

तिचा पदार्थ स्वतः उजळत नसे. उजळणारे निळे रेणू एकमेकांना खेटले की मंदावतात. त्यांना अंतरावर धरायचं आणि वीज त्यांच्यापर्यंत पोचवायची, एवढंच त्याचं काम. लाल-हिरव्याला असे सोबती कधीच मिळाले होते. निळ्याने मात्र सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. तिची पहिली खेप टिकली. दिवा आठवडेच्या आठवडे मंदावेना, आणि कधी कुणाला बरं न म्हणणारे आमचे साहेब चक्क तिच्या टेबलापर्यंत चालत आले. तिच्या आईने तर नातेवाइकांत सांगूनच टाकलं, की आता सगळ्यांच्या फोनमध्ये आमच्या लेकीचा निळा.

साहेबांची अट एकच होती. दुसरी खेप तशीच टिकली तर निळ्याचा विभाग चालू, नाहीतर बंद. म्हणून तिने दुसरी खेप जिवापाड शुद्ध केली. तो दिवा दुपारच्या जेवणाआधीच गेला. तिने आणखी शुद्ध केलं, तर पुढचा त्याहून लवकर गेला.

मग आम्ही पहिल्या खेपेच्या शुद्धतेच्या तपासणीचा आलेख पुन्हा काढला. कडेला एक बारीक उंचवटा होता. कच्च्या मालातली घाण म्हणून आम्ही दोघांनीही तो सोडून दिला होता. दिवा टिकवत होती ती घाणच. ती नेमकी काय, हे कळायला तिचा कण तरी हवा होता. पहिली खेप दिव्यांत संपली होती, तीही इतक्या पातळ थरांत की खरवडून हाती काही लागेना. तो कच्चा माल बनवणारा कारखाना बंद पडला होता.

“त्या मालाची बाटली?” मी विचारलं.

तिने खिडकीकडे बोट दाखवलं. बाटलीत पेनं उभी होती.

“मीच धुतली,” ती म्हणाली.

मला तिचा भयंकर राग आला आणि तितकीच कीवही आली. तरी आम्ही बाटली तपासली. काही सापडलं नाही. सापडणार कसं, धुणारी ही होती.

विभाग बंद झाला. मला हिरव्याच्या कामावर घेतलं, तिला नाही. शेवटच्या दिवशी पहिल्या खेपेचा दिवा चाचणीच्या कपाटात अजून जळत होता. तिने तो पाहिला नाही. आईला अजून सांगितलं नाहीये, एवढंच म्हणाली. पेनं माझ्या हातात दिली, बाटली नळाखाली धरून नीट विसळली आणि पालथी घातली.