शंकूचा शंख केला

साहेब, मेलेल्या गोगलगाईंचे पत्ते तुम्ही पुसलेत आणि वर शाल अंगावर घेतलीत.

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात, प्राणीशास्त्राच्या संग्रहालयात राहते. मला मुरुम गावच्या शरणप्पा सरांनी आखलं, शिवलं. दर सुट्टीत ते एस.टी.नं कोकणात जायचे आणि समुद्रातल्या शंकू गोगलगाईंची रिकामी कवचं आणायचे. ही गोगलगाय विषारी. डंख मारून मासा लुळा करते. सर प्रत्येक कवचावर काळ्या शाईनं बारीक आकडा घालायचे आणि त्याच आकड्यापुढं माझ्यात लिहायचे: कोणता किनारा, कोणती तारीख, खडकात सापडलं की वाळूत. बावीस वर्षं हेच. समुद्र न पाहिलेली पोरं माझ्यावर बोट ठेवून मालवण, देवगड वाचायची.

सर वारले. मग तपासणी समिती येणार म्हणून, प्राचार्य साहेब, तुम्ही संग्रहालयात पहिल्यांदा पाऊल टाकलंत. माझी पानं उलटलीत आणि लाल पेननं जिथं तिथं 'शंकू' खोडून 'शंख' केलंत.

"शंकू गणितात असतो," तुम्ही म्हणालात. "आणि शंखांवर हे काळं काय? घासून काढा."

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या सिद्धम्मा म्हणाल्या, "सायब, आकडे पुसू नका. सर लई चिडायचे."

"मावशी, सर आता वरून चिडणार व्हय?"

सगळे हसले. सिद्धम्मांनी ॲसिडच्या पाण्यात कवचं घासली. कपाटावर पाटी लागली, 'पवित्र शंख'. विषारी गोगलगाईंना लोक नमस्कार करू लागले. संग्रहालय चकचकीत केलं म्हणून शाल घालून तुमचा सत्कार झाला. मला फरशी पुसायच्या बादलीखाली ठेवलं.

मागच्या आठवड्यात सरांची विद्यार्थिनी निवेदिता आली. पूर्वी कोणत्या किनाऱ्यावर कोणते शंकू मिळायचे, यावर तिचा प्रबंध आहे. प्रत्येक कवच तिला माझ्याशी पडताळायचं होतं. तिनं एक उचललं, फिरवलं, खाली ठेवलं. दुसरं उचललं.

"मावशी, आकडे कुठं गेले?"

सिद्धम्मांची मान वर होईना. "म्याच घासले गं, माय."

माझ्यात एकशे बत्तीस पत्ते आहेत, कपाटात एकशे बत्तीस कवचं. कुणाचा कोणता, ते सांगणारं माणूस उरलं नाही. मित्रांनो, जुनी वस्तू चकचकीत करायच्या आधी तिच्यावर काय लिहिलंय ते वाचत जा.

आणि साहेब, कवचांचे पत्ते मागणारा निवेदिताचा अर्ज तुमच्या टेबलावर पडलाय. त्यावर 'पाहू' लिहून परत पाठवू नका. कोणत्या कवचापुढं तिनं कोणता किनारा लिहायचा? सही करून सांगा.